बाहेरची कडी

खिटी नेहमीप्रमाणे अर्ध्यावर अडली. करंगळीएवढी, पिवळट धातूची, आणि तिच्या टोकाशी कारखान्यातच राहून गेलेला एक खरखरीत दाणा... रोज सकाळी तो अंगठ्याला लागतो, रोज ती ठरवते की काचपेपरनं घासून टाकायचा, आणि संध्याकाळी विसरून जाते. जरा उचलून सरकवली की खिटी बसते. बसली. आतून साहेब तिच्या अंगठ्याकडे पाहत होते – अगदी सभ्यपणे, कुणी काम करत असताना मध्ये बोलू नये तसे.

साहेब म्हणजे कुत्रा. नाव बाबांनी ठेवलेलं. छापखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे तपकिरी पिल्लू उचलून आणलं आणि जाहीर केलं, "जन्मभर साहेबांच्या मागे फिरलो, आता साहेब माझ्या मागे फिरतील." वर अहोजाहो. 'अहो साहेब, जिना बघून उतरा.' 'साहेब, आज पोटाचं काय म्हणणं आहे?' बाबा गेले आणि ते अहोजाहो तिच्या तोंडात राहून गेलं. आता कुत्र्याला पिंजऱ्यात घालायचं आणि वर अहो म्हणायचं, हे तिचं तिलाच विचित्र वाटतं.

"पिंजरा म्हणू नका, क्रेट म्हणा," प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले होते. "त्याला ती आपली खोली वाटली पाहिजे. जुनी चादर घाला, वरून कापड टाका. पंधरा दिवसांत आपणहून आत जाईल बघा." नाव बदललं म्हणून गज काही मऊ होत नाहीत, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दुसरं करणार काय? ती बाहेर गेली की साहेब दार खरवडत. लाकडाची सालपटं निघेपर्यंत, नखं रक्ताळेपर्यंत. बाबा असताना कधी नाही, बाबा गेल्यापासून रोज. आणि आता तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं होतं. तिनं पर्स उचलली की साहेब उठतात, आत जातात, एक गिरकी घेऊन बसतात. ओढावं लागत नाही, चुचकारावं लागत नाही. ओढावं लागत होतं तेव्हा इतका त्रास होत नव्हता मला.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं – सुरुवातीला रेकॉर्ड करून ऐका, मागे रडतो का कळेल. ते तिनं तीन आठवडे टाळलं. आज मात्र, का कोण जाणे, काच तडकलेला जुना मोबाइल तिनं चार्जिंगला लावून पिंजऱ्याशेजारच्या स्टुलावर ठेवला, लाल ठिपका सुरू केला, आणि म्हणाली, "येते हं लगेच."

लगेच म्हणजे नऊ तास.

दार ओढून कुलूप लावताना नजर कुलपाच्या वर गेलीच. तिथे चार भोकं आहेत, लांबी भरून बुजवलेली. वरून रंगही दिला, पण रंगाची छटा जुळली नाही. बाहेरची कडी होती तिथे. ती बाबांनीच बसवली होती. दुसऱ्यांदा हरवले त्यानंतरची गोष्ट – बस डेपोच्या बाकावर सापडले होते, चपला हातात घेऊन – आणि त्यानंतरच्या रविवारी, डोकं लख्ख असलेल्या एका सकाळी, ते स्क्रू ड्रायव्हर घेऊन उंबऱ्यात उभे राहिले. "आतल्या कुलपाची किल्ली मी शोधून काढीन. कडी बाहेरून हवी. माझा आता भरवसा नाही." स्क्रू तिनं एकेक करून हातात दिले. चार. शेवटचा पिळून झाल्यावर त्यांनी कडी लावून पाहिली, काढून पाहिली, आणि कारागिराच्या समाधानानं म्हणाले, "झकास." दुसऱ्या दिवशी ते हे सगळं विसरले होते. आतून विचारत होते, "अगं, दार का उघडत नाही?" आणि बाहेरून ती म्हणत होती, "येते हं लगेच."

लिफ्टशी समोरच्या काकू भेटल्या, हातात भाजीची पिशवी. "शहाणा झाला गं तुझा साहेब. अजिबात आवाज नाही. घरात कुणी आहे असं वाटतसुद्धा नाही."

ती हसली. हेच शब्द, जवळजवळ याच क्रमानं, काकू मागच्या थंडीत म्हणाल्या होत्या – तिच्या पाठीवरून हात फिरवत, घर माणसांनी भरलेलं असताना. 'अजिबात आवाज नव्हता गं त्यांचा. शांतपणे गेले.' काकूंच्या मनात दिलासाच होता, दुसरं काही नाही. पण काकूंचे कान तिनं स्वतः तपासले होते दोन वर्षांपूर्वी. उजवा जवळजवळ गेलेला, डाव्याला बारीक आवाज येत नाहीत. त्यांच्या ऐकण्याचा आलेख कसा खाली घसरत जातो ते तिला पाठ होतं. बंद दारामागून एक म्हातारा माणूस हाका मारत राहिला असता, तरी काकू हेच म्हणाल्या असत्या.

कानाच्या डॉक्टरांकडे तिचं काम एवढंच – माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं, डोक्यावर हेडफोन, हातात बटण, आणि जाड दार लावून बाहेर यायचं. आवाज आला की बटण दाबा. मग बाहेरून ती एकेक सूर सोडते, आधी मोठा, मग बारीक, मग त्याहून बारीक. पंधरा वर्षं झाली. आत बसलेल्या माणसाचा चेहरा दार लागताना क्षणभर बदलतो, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मग ते दिसेनासं झालं. आता, गेले तीन आठवडे, पुन्हा दिसायला लागलं आहे.

अकरा वाजता एक आजोबा आले, सोबत सून. आजोबा आत बसले आणि धडाधड बटण दाबू लागले. सून चकित. "घरी हाका मारून घसा बसतो माझा, आणि इथे बघा." तिनं सुनेला खुणेनं थांबवलं आणि सूर बंद केला. पूर्ण शांतता. आजोबांनी बटण दाबलं. पुन्हा शांतता – पुन्हा दाबलं. असे असतात काही. त्यांच्यासाठी मध्येमध्ये रिकाम्या जागा सोडाव्या लागतात, नाहीतर तपासणी खोटी निघते.

तिनं दार उघडलं. "आजोबा, आवाज नसताना का दाबलंत?"

आजोबा ओशाळले. "येईलसं वाटत होतं. आता येईल, आता येईल असं. तुम्ही दिला आणि माझा चुकला, असं नको ना व्हायला." मग हळूच म्हणाले, "तुम्ही बाहेर आहात ते दिसत होतं, म्हणून."

तिनं पुन्हा दार लावलं आणि पुन्हा सुरुवातीपासून तपासलं.

संध्याकाळी घरी आल्यावर खिटी काढली. साहेब बाहेर आले, पुढचे पाय ताणून आळस दिला, तिच्या गुडघ्याला नाक लावलं, भांडंभर पाणी प्याले. चादरीवर ओरखडा नव्हता. प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करून सांगता आलं असतं की सगळं छान आहे. तिनं स्टुलावरचा मोबाइल घेतला, जमिनीवर भिंतीला टेकून बसली आणि रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला गेली.

'येते हं लगेच.' आपला आवाज इतका उत्साही असतो... दार. किल्ली दोनदा. चप्पल. मग पंख्याची घरघर, आणि दुसरं काहीच नाही. रडणं नाही, खरवडणं नाही. तिनं श्वास सोडला, बोटानं थोडं पुढे सरकवलं. पंखा. आणखी पुढे. लिफ्टचं दूरचं गुणगुणणं... लिफ्ट मजल्यावर थांबली, आणि टप्-टप्-टप्-टप्. तिला आधी कळेचना काय आहे ते. गजांवर काहीतरी आपटतं आहे. मग काकूंच्या कुलपाचा आवाज, काकूंचं दार, आणि ते टप्-टप् मंदावत थांबलं. एक मोठा सुस्कारा. पुन्हा पंखा.

शेपूट. शेपूट हलत होतं.

ती ऐकत राहिली. दर वेळी लिफ्ट थांबली की टप्-टप्. दुसऱ्याच कुणाचं तरी दार वाजलं की शांत. दर वेळी तितक्याच जोरानं. सकाळपासून एकदाही त्या कुत्र्यानं असं मानलं नव्हतं की या खेपेला ती नसेल. नऊ वेळा झालं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपला अंगठा दर टप्-टप्‌बरोबर तळहातावर दाबला जातो आहे.

खुर्ची. ते तिनं कुणालाच सांगितलेलं नाही. झोपेत गेले, असं सगळ्यांना सांगितलं. झोपेत नव्हते. त्या संध्याकाळी कडी काढून दार ढकललं तर ते पुरतं उघडेना, कारण दारापाशी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढलेली होती आणि खुर्चीत बाबा होते, पायाशी साहेब. दुपारी एकच्या सुमाराला, असं बाबांना तपासायला आलेले डॉक्टर नंतर म्हणाले. लोक यायच्या आत तिनं खुर्ची जागेवर नेली, त्यांना कसंबसं पलंगावर निजवलं, डोळ्यांवरचा चष्मा काढून डबीत ठेवला. बाहेर पडायला धडपडले असतील; हाका मारल्या असतील; दार ठोठावलं असेल – गेले कित्येक महिने ती हेच एक विचारत आली. मी लावलेल्या दारावर त्यांनी किती वेळ हात आपटले?

पण त्यांचे हात तर मांडीवर होते. एकात एक गुंतवलेले. आणि चष्मा – दूरचं बघायचा चष्मा, जो कुणी आलं तरच ते लावत. बाहेर पडू पाहणारा माणूस खुर्ची आणून बसत नाही. कोण आलं ते नीट दिसावं म्हणून चष्मा लावत नाही. लिफ्ट थांबली असेल, ते ताठ बसले असतील. समोरचं दार वाजलं असेल. मग पुन्हा लिफ्ट. त्या सकाळीही मी 'येते हं लगेच' म्हटलं होतं, आणि सगळं विसरणाऱ्या त्या माणसानं तेवढं एक लक्षात ठेवलं होतं.

ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. आणि अशी इच्छा आपल्याला झाली, याचं तिला रडू आलं – फार नाही, चेहरा पुसता येईल इतकंच.

मोबाइलमधली लिफ्ट पुन्हा थांबली. तिच्या शेजारी पडलेल्या साहेबांचे कान उभे राहिले. ते उठले, तिला ओलांडून दारापाशी गेले, आणि खरवडलेल्या लाकडासमोर बसून शेपूट हलवू लागले. टप्-टप्-टप्, फरशीवर.

"अहो साहेब," ती म्हणाली, "मी आलेय. इथे आहे मी."

साहेबांनी वळून तिच्याकडे पाहिलं, तिला ओळखलं, आणि पुन्हा दाराकडे तोंड केलं.

तिनं मोबाइल बंद केला. मग उठून जेवणाच्या टेबलाची ती खुर्ची ओढत नेली, दारापासून हातभर अंतरावर ठेवली आणि बसली. इथून दारातल्या, बाहेर बघायच्या भिंगातला प्रकाश दिसत होता. कडीची चार भोकं दिसत नव्हती. ती बाहेरच्या बाजूला. साहेबांनी आपलं डोकं तिच्या पावलावर टेकलं, पण डोळे मिटले नाहीत. खाली कुठेतरी लिफ्टचं दार लागलं आणि लिफ्ट वर निघाली, आणि कितव्या मजल्यावर थांबते ते ऐकत दोघं बसून राहिले.