मी स्लोवर टिकत नाही

मी बाईंची गाडी बोलतेय. जे सांगायचंय ते चालता चालताच सांगायला हवं, कारण उभी राहिले की मी बंद पडते. निदान परवापरवापर्यंत पडत होते.

बाई म्हणजे शाळेतल्या गणिताच्या बाई. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी गल्लीत सगळे त्यांना बाईच म्हणतात. कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग पिस्ता होता. आता तो कोणता म्हणायचा हे मलाही ठरवता येत नाही. बाईंनी मला नवी कोरी घेतली, आणि पहिल्या दिवसापासून शेजारच्या सीटवर त्यांची धाकटी बहीण बसत आली. दोघींनीही लग्न केलं नाही. का केलं नाही ते माझ्यासमोर कधी निघालं नाही, आणि मी नसत्या चौकशा करणाऱ्यातली नाही.

धाकटीला गाडी चालवता येत नव्हती, पण खरी चालवायची तीच. "ताई, सायकलवाला बघ. ताई, ब्रेक! ताई, कसा मध्ये घुसला बघ मेला!" बाई वैतागून म्हणायच्या, "एकदा तूच बस इकडे, म्हणजे मी निवांत ओरडते." मग दोघी हसायच्या. असं अठ्ठावीस वर्षं चाललं.

पुढे धाकटी विसरायला लागली. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग वार, मग स्वतःच्या घराचा जिना. गेल्या वर्षी बाईंनी तिला नदीपलीकडच्या टेकडीवर, शुश्रूषागृहात ठेवलं. जाताना आम्ही तिघी होतो, येताना दोघीच. मला फार एकटं वाटलं, हे सरळच सांगते.

तेव्हापासून आमचा गुरुवार ठरला. सहा दिवस मी पत्र्याखाली उभी, अंगावर चादर, चादरीवर मांजर. गुरुवारी चादर निघाली की टेकडी. तिथे जायला दोन बस बदलाव्या लागतात आणि वर चढ चालावा लागतो, आणि बाईंचे गुडघे काही चढाचे राहिलेले नाहीत. म्हणजे मी आहे म्हणून गुरुवार आहे.

आणि नेमकी मीच दगा द्यायला लागले.

ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी इंजिनानं आपलं हळू हळू धुगधुगत राहावं, याला गॅरेजवाले स्लो म्हणतात. मला ते जमेना. पुलाच्या सिग्नलला उभी राहिले, की एक हिसका, दुसरा हिसका, आणि खलास. मागे हॉर्नचा कल्ला. कुणीतरी खिडकीतून डोकं काढून ओरडायचं, "आजी, म्युझियममध्ये ठेवा ती!" बाई पुन्हा पुन्हा किल्ली फिरवायच्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दाखवल्या, पण माझ्या बाबतीत मात्र त्या म्हणायच्या, "माझंच चुकलं. क्लच लवकर सोडला असणार."

एकदा रेल्वेच्या फाटकात, ऐन रुळांवर बंद पडले. गेटमननं आणि एका दूधवाल्यानं ढकलून बाहेर काढलं. ही बातमी भाच्यापर्यंत पोचली. भाचा म्हणजे बाईंच्या भावाचा मुलगा. स्वभावानं चांगला, पण नेहमी घाईत. येतो तोच निघायच्या बेतानं.

"आत्या, आता बास. पुन्हा एकदा जरी बंद पडली ना, तर मी स्वतः हिला भंगारात नेऊन घालीन."

"आणि गुरुवारचं काय?"

"मी फोन लावून देतो की. समोरासमोर दिसता त्यात, बोला हवं तेवढं."

"तिला समोरचं माणूस ओळखू येत नाही रे, फोनमधलं कुठून येणार?"

पण भाच्यानं शब्द मागे घेतला नाही.

मग माझे उपचार सुरू झाले. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं बॉनेट उघडलं. माणसं बॉनेटमध्ये विहिरीत वाकून बघावं तशी बघतात, आणि बघून झालं की तोंड तेवढं गंभीर करतात. त्यानं एक स्क्रू पिळून माझा स्लो वाढवला. मी उभ्या उभ्या अशी गुरगुरायला लागले की मांजर चादर सोडून पळालं, आणि दोन दिवसांत पुन्हा बंद. भाच्याच्या कानावर तेवढं गेलं नाही. दुसऱ्यानं प्लग बदलले, कार्ब्युरेटर धुतला, "कचरा होता" म्हणाला. कचरा सगळ्यांनाच सापडतो. मला माझं दुखणं ठाऊक होतं. इंजिनाच्या मागच्या बाजूला, ब्रेककडे जाणाऱ्या रबरी पाइपाला चीर गेली होती, आणि तिथून इंजिनात नको तेवढी हवा शिरत होती. पण सांगू कशी? गाडीला हॉर्न दिलाय, तोंड नाही.

तिसरा होता थंडोबा. हे त्याचं गॅरेजमधलं नाव. त्यानं बॉनेटला हातच लावला नाही. आधी शेजारच्या सीटवर येऊन बसला. धाकटीनंतर तिथे कुणी बसलं नव्हतं.

"कधीपासून होतंय हे?" त्यानं विचारलं.

"धाकटीला टेकडीवर ठेवलं, त्यानंतर."

थंडोबा हसला नाही. तो डॅशबोर्डखाली बघत होता. तिथे चोकचं काळं बटण आहे. गार इंजिन सुरू करताना ते बाहेर ओढलं की पेट्रोल जास्त मिळतं. इंजिन तापलं की आत ढकलायचं. त्या बटणाच्या मानेवरचा रंग पार घासून गेला होता.

"इथे काय अडकवत होता तुम्ही?"

"मी कशाला अडकवू? ती पर्स अडकवायची. हजारदा सांगितलं असेल, अगं, ती काय खुंटी आहे? ऐकेल तर शपथ."

"काय काय असायचं त्या पर्समध्ये?"

"काय नसायचं ते विचारा. छत्री, गोळ्या, पाण्याची बाटली, माझाच हरवलेला चष्मा."

थंडोबानं मान हलवली. "बाई, त्या वजनानं चोक थोडा बाहेर ओढलेला राहायचा. पाइप चिरलाय केव्हाचा. पण जास्तीच्या हवेला जास्तीचं पेट्रोल मिळत होतं, म्हणून गाडी तग धरून होती. पर्स गेली, दुखणं उघडं पडलं."

मग इंजिन चालू ठेवून त्यानं एकेक पाइप चिमटीत दाबून पाहिला. चिरलेला पाइप दाबला आणि माझे हिसके थांबले. कितीतरी महिन्यांनी मी एका लयीत श्वास घेतला. बाईंनी तोंड फिरवलं आणि पदरानं चष्मा पुसला. अर्ध्या तासात नवा पाइप बसला.

त्या गुरुवारी मी एकाही सिग्नलला बंद पडले नाही. शुश्रूषागृहातल्या नर्सनं धाकटीला हाताला धरून खाली आणलं. धाकटीनं मला पाहिलं, मग बाईंना, आणि अदबीनं विचारलं, "मला जरा घरी सोडाल का? माझी ताई वाट बघत असेल."

बाई म्हणाल्या, "सोडते की. बसा."

आवाराच्या आतच आम्ही तीन फेऱ्या मारल्या. धाकटी खिडकीतून झाडं बघत होती. सायकलवाला आला, तरी ती ओरडली नाही. पुन्हा त्याच दारात आल्यावर बाई म्हणाल्या, "आलं तुमचं घर."

"फार उपकार झाले," धाकटी उतरता उतरता म्हणाली. "तुम्ही एकट्याच असता का?"

"हो."

"मग पुढच्या वेळी कुणाला तरी सोबत आणा. एवढ्या लांब एकटीनं येऊ नये."

नर्स तिला आत घेऊन गेली. बाई स्टिअरिंगला धरून बसून राहिल्या. एरवी मी अशा वेळी बंद पडले असते, आणि किल्ली फिरवण्यात त्यांचा थोडा वेळ तरी गेला असता. आता मी बरी झाले होते. इंजिन नीट चालू होतं आणि बाईंना करण्यासारखं काहीच नव्हतं.

भाच्या, तुझा शब्द तू पाळ, पुन्हा बंद पडले तर खुशाल ने मला भंगारात. पण त्याआधी एका गुरुवारी ये, आणि शेजारच्या सीटवर बस. दरवाजा जरा जोरात ओढावा लागतो.