रुमालाखालचे दिवस

पुसेगावच्या चाँद पाशांनी उभी हयात हळदीची दलाली केली, तीही रुमालाखाली. खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि समोरच्याची बोटं धरून भाव सांगायचा. जितकी बोटं, तितका आकडा. पटलं तर हात दाबायचा, न पटलं तर काढून घ्यायचा. भोवतीच्या नाक खुपसणाऱ्यांना काही म्हणता काही कळायचं नाही. आपण होऊन हात आधी काढायचा नाही, ही पाशांची खोड. समोरचा कंटाळून काढो, हे आपले बसून राहणार. लहानपणी उमैमा बोरांसाठी हट्ट धरायची, तेव्हा लेकीशीही ते असाच सौदा करायचे.

आणि हीच लेक पुढे दिल्लीत वकील झाली, तर काम कसलं धरलं? आपसात चोरून भाव ठरवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध खटले लढवण्याचं! बापाला आधी वाटलं, पोरगी आपल्यावरच उलटली. पण तिने पहिला खटला समजावून सांगितला तेव्हा ते फोनवर खो खो हसले. "आमच्या रुमालाखाली एक हात घेणाऱ्याचा, एक देणाऱ्याचा. हितं तर सगळे विकणारेच रुमालाखाली बसून राहिले अन् घेणारा बाहेर! सोडू नको बेटा."

तिने सोडलं नाही. बारा वर्षांत तिच्या उलटतपासणीने भल्याभल्या मॅनेजरांना घाम फुटला. प्रत्येक निकालानंतर तिला वाटायचं, अब्बांच्या खाटेवर बसून हे सगळं तिखटमीठ लावून सांगावं. पण पुढची तारीख उभीच असायची. ईदसुद्धा फोनवर व्हायची. मग गेल्या महिन्यात लकव्याने अब्बांची वाचा नेली, डावं अंग नेलं. आता फोनवर नुसता त्यांचा श्वास ऐकू यायचा, आणि तेवढ्यासाठी ती रोज फोन लावायची.

शनिवारी ती पुसेगावला आली. रविवारी दुपारी दिल्लीला परतण्यासाठी तिला नांदेडला न्यायला गाडी दारात उभी राहिली. मंगळवारी शेवटचा युक्तिवाद होता. ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या पाच कंपन्यांविरुद्धचा खटला, नऊ वर्षांची मेहनत.

"डाक्टर म्हणले, दुसरा झटका कवा बी येऊ शकतो," अम्मी म्हणजे अमीरबी हळूच म्हणाली. "पर तू जा. तकलीफ नको करून घेऊ."

उमैमा खाटेवर टेकली. पाशांनी उजव्या हाताने खांद्यावरचा रुमाल ओढला, तिच्या हातावर टाकला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग रुमालाखाली तिची पाचही बोटं धरली.

पाच दिवस. तेवढं थांब म्हणत होते. तिने त्यांचं एक बोट धरलं. त्यांनी मान हलवली, चार धरली. एक दिवस कसाबसा जमला असता. त्यापुढे तारीख वाढवून मागायची, म्हणजे समोरच्या वकिलांना दिवाळीच. तरी तिने दोन बोटं धरली. पाशांनी तीन. गालात हसत होते, बोरांच्या सौद्यात हसायचे तसेच. किती वर्षं ती या हातासाठी झुरली होती, हे तिला आत्ता कळलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कलीम, तिच्या हाताखालचा वकील. "मॅडम, मंगळवारी तुम्हीच उभ्या राहणार ना? कंपन्यांचे वकील हेच विचारून राहिले."

आवाज पाशांनाही स्पष्ट ऐकू आला. उमैमा उत्तर देणार, इतक्यात पाशांनी हात काढून घेतला.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हात आधी काढला होता. तिचा एकटा हात रुमालाखाली राहिला.

"अब्बा, पाच!" ती ओरडलीच, सगळा रिवाज मोडून. "पाच देते, घ्या ना!"

पाशांनी नकारार्थी मान हलवली. सौदा मोडला की ते असाच रुमाल ओढून खांद्यावर टाकत आणि उठून चालू लागत. आज त्यांनी रुमाल खांद्यावर टाकला, पण त्यांना उठता येत नव्हतं. म्हणून उमैमा उठली.