मायला सोसणारी गाडी

बुद्धभूषणला गाडी हवी होती स्वतःसाठी, पण साऱ्या शिरड शहापुरात सांगत सुटला होता की मायसाठी घेतो म्हणून. यात खोटं काही नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. औंढ्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून परीक्षानळ्या धुता धुता गडी मोटारींची मासिकं वाचायचा. परभणीच्या रद्दीवाल्याकडून किलोच्या भावानं आणलेली. त्यात त्याला एकच गाडी भावली होती : सोळाशे सीसीची पालिओ. दिसायला चारचौघींसारखी लहानखुरी, पण पोटात शंभर घोडे. नवी घ्यायची तर दोन जन्म परीक्षानळ्या धुवाव्या लागल्या असत्या. जुनी मात्र आता, दोन हजार आठ साली, आवाक्यात आली होती. म्हणजे त्याच्या मते आली होती. बापाचं मत निराळं होतं.

आता माय. चतुराबाईला गाडी सोसत नव्हती. वळणावर नुसती एस.टी. दिसली तरी तिच्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि जिलबी पाहून सुटतं तसलं पाणी ते नव्हे. एस.टी. झाली, काळीपिवळी जीप झाली, ऑटो झाला. सगळ्या वाहनांना बाईनं आपला प्रसाद दिला होता. बरं, नवरा कोण? तर एस.टी.चा कंडक्टर! सटवाजीनं उभी हयात लोकांना ‘पुढं सरका’ म्हणण्यात घातली आणि घरची बाई वेशीपुढं सरकली नाही. बायकोचा फुकटचा पास दरसाल कोराच राहायचा. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते दुसरं काय असतं?

पण लेक सपना हट्ट्याला दिली होती. हट्टा काय लंकेत आहे? वसमतच्या पुढं, झालं! तरी लग्नाला आठ वर्षं होऊन चतुराबाईनं लेकीचं घर पाहिलं नव्हतं. लग्न झालं ते शिरडलाच, बाळंतपणं झाली ती शिरडलाच. हट्ट्याच्या बायका सपनाला विचारायच्या, ‘काय गं, तुला माय हाय का न्हाई?’ मागच्या खेपेला माहेराहून निघताना सपना बोलून गेली, “माय, आमच्या गल्लीत समद्यांच्या माया येऊन गेल्या. तेवढी तूच न्हाई आलीस.” त्या रात्री चतुराबाई जेवली नाही.

ते बघूनच सटवाजीनं पोराला अट घातली. “एक लाख चाळीस हजार साठवलेस, चांगलं केलंस. पण गाडी घ्यायची तर अशी, की तुजी माय हट्ट्याला न ओकता गेली पाह्यजे. तसली मिळत नसंल तर त्या पैशाचा घरावर स्लॅब टाकू. बात खतम.”

मग सुरू झाल्या तपासण्या. गाडी दारात आली की सटवाजी डोळ्यावर चष्मा चढवून पुढं, चालवणाऱ्याच्या शेजारी बसायचा. गाडीची पारख करणारा माणूस पुढं नाही बसणार तर काय टपावर बसणार? आणि चतुराबाई मागं, नाकाला पदर लावून, डोळे गच्च मिटून, जीव मुठीत घेऊन. वसमतच्या एका डॉक्टरची व्हॅन आली. फार गुणी व्हॅन, पेट्रोल हुंगून चालायची, भावही कमी. सटवाजीला पसंत पडली. पण पेट्रोल पंपापर्यंतच चतुराबाईनं निकाल दिला. मग एक जीप आली, तिचा निकाल पंपाच्याही अलीकडं लागला. व्हॅनचा डॉक्टर तर जाताना म्हणाला होता, “गाडी धुवायचे पैसे तरी द्या.” गावातली पोरंटोरं तपासणी असली की रस्त्याकडेला येऊन उभी राहायला लागली. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

सटवाजीनं गवंड्याला निरोप धाडला. स्लॅब पडला की पालिओ गेली, आणि माय जन्माची शिरडात अडकली.

तेवढ्यात कॉलेजातल्या शिपायानं खबर आणली. पुसेगावाकडच्या तांड्यावर गोपीचंद राठोड म्हणून ऊसतोडीचा मुकादम आहे, त्याच्या पोरानं, कुलदीपनं, पुण्याहून पिवळी पालिओ आणली होती. कुलदीप पोलिसात भरती झाला, गेला नागपूरकडं, आणि गाडी तांड्यावर कडब्याच्या गंजीशेजारी उभी राहिली. बुद्धभूषण मोटारसायकलनं गेला. पत्र्याखाली ती पिवळीधमक उभी, बोनेटवर कोंबडी बसलेली. कोंबडी उडवून लावली, किल्ली फिरवली, आणि इंजिन असं काही गुरगुरलं की गडी तिथंच विरघळला.

“लिटरला किती देते?” म्हणून विचारायचं भानसुद्धा राहिलं नाही. गोपीचंदनं आपणहून सांगितलं, “पेट्रोल पिते बरं का! मागून तकरार नको.”

“पिऊ द्या,” बुद्धभूषण म्हणाला. प्रेमात माणसाचं असंच होतं.

सौदा एक लाख तीसला ठरला, इसार दिला. पण मायची अट त्यानं सांगून टाकली. गोपीचंद मोकळ्या मनाचा माणूस. म्हणाला, “रविवारी मीच आणतो गाडी शिरडला. तुमच्या माय हट्ट्यापर्यंत बराबर गेल्या तर सौदा पक्का. न्हाई तर इसार वापस.”

रविवारी पिवळी गाडी दारात आली. पोरंटोरं आधीच जमली होती. गाडीतून गोपीचंद उतरला आणि मागून उतरली त्याची म्हातारी माय, नानीबाई. आरशांचा घागरा, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, हातात गाठोडं. जनावर दुसऱ्याच्या दारात बांधायचं तर घरची बाई बरोबर पाहिजे, असा तिचा कायदा. चहापाणी झालं. मग म्हातारीनं गाठोडं सोडून विळा काढला, गाडीचं पुढचं दार उघडलं आणि चालवणाऱ्याशेजारच्या सीटचा पट्टा खर्रकन ओढून कापायला घेतला.

“अवो आजी! काय करून राहिल्या?” बुद्धभूषण किंचाळलाच.

“दावं काढून घेते,” नानीबाई शांतपणे म्हणाली. “जनावर इकावं, दावं इकू न्हाई. दावं गेलं की गोठ्याची बरकत जाते.”

“अवो, हे जनावर हाय का? आन् तो सीटबेल्ट हाय!”

“जीव बसला की बांधतात, उतरला की सोडतात. मग हे दावं न्हाई तर काय मंगळसूत्र हाय?”

यावर भलतीच चर्चा उसळली. सटवाजी म्हणाला, दावं म्हणजे किल्ली. गोपीचंद म्हणाला, छे, किल्ली कशी, स्टेअरिंग हा कासरा आणि हॅंडब्रेक हे दावं. जमलेल्या पोरांपैकी एकानं डिकीतल्या ओढायच्या दोराचं नाव काढलं, तर म्हातारी त्याच्यावर खेकसली, “तो दोर उसाच्या ट्रॉलीचा हाय, त्याचा हिथं काय संबंध?”

“आजी, आमी असलं काही मानत न्हाई,” बुद्धभूषण कळवळून म्हणाला.

“तू नको मानू. गाय माझी, मानणार मी.” आणि पट्टा खालून वरून कापून, गुंडाळी करून तिनं गाठोड्यात टाकलासुद्धा. हिंगोली जिल्ह्यात त्या काळी सीटबेल्ट लावणाऱ्या माणसाला आजारी समजत, म्हणून बाकी कुणाला त्याचं दुःख झालं नाही.

चतुराबाई मात्र पुढं झाली. “बाईचं खरं हाय,” ती म्हणाली. “माझा बाप बैल इकायचा तवा दावं घरीच ठिवायचा. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं आसतं.” असं म्हणून ती आत गेली आणि मोडक्या बाजेची रुंद नवार, विणलेली सुती पट्टी, घेऊन आली. सीटच्या पाठीमागून घालून तिनं ती पुढं घेतली. काही झालं तरी ती बैलवाल्याची लेक.

“आता बस तिथंच,” नानीबाई म्हणाली. “जिनं दावं बांधलं तिनंच जनावर हाती धरून न्यावं.”

सटवाजी चष्मा चढवून पुढच्या दाराशी येऊन थांबला होता. त्याचा चेहरा उतरला. “ही पुढं बसली तर गाडीची पारख कोण करणार?”

“तुमी मागून करा,” म्हातारीनं निकाल दिला. तांड्यावर तिच्यापुढं मुकादमाचं चालत नव्हतं, तिथं सटवाजीची काय टाप!

चतुराबाईनं पोटावरून नवार घट्ट आवळून दुहेरी गाठ मारली. मागं सटवाजी, नानीबाई आणि गोपीचंद मांडीला मांडी लावून बसले. बुद्धभूषणनं गाडी हलवली, ती अंड्यांची पाटी डोक्यावर घेतल्यासारखी. काटा तीसच्या वर जाऊ दिला नाही. शंभर घोडे बिचारे अंग चोरून चालत होते.

पंप आला. चतुराबाईनं सवयीनं डोळे मिटले, ओठ पांढरे पडले. पुढं उसाची दोन ट्रॉल्यांची बैलगाडीसारखी डुलणारी वरात चालली होती, ट्रॅक्टरचा काळा धूर सरळ गाडीत येत होता. झालं, बुद्धभूषणच्या मनात आलं, स्लॅब पडला.

“भूषण,” चतुराबाईनं धुरानं वैतागून डोळे उघडले. “त्याच्या बुडाला लागून काहून चालून राहिला रं? काढ की पुढं!”

“माय, जोरात गेलो तर तुला तकलीफ—”

“काढ म्हणते ना!”

समोर रस्ता मोकळा होता. बुद्धभूषणनं गिअर खाली घेतला आणि पाय दाबला. पिवळी गाडी गुरगुरली आणि सुसाट निघाली. ट्रॉल्या, ट्रॅक्टर, वरचा मफलरवाला, सगळं कुठल्या कुठं मागं पडलं. मागं सटवाजी ‘अरे, अरे’ करत नानीबाईच्या बांगड्यांवर आदळला.

चतुराबाईनं मान वळवून त्या ट्रॅक्टरकडं एकदा बघितलं. मग समोर. दोन्हीकडं हळदीचे मळे, मधून सरळ डांबरी सडक, आणि आपण सगळ्यांच्या पुढं. तिच्या ओठांवर रंग आला. “ती जीप दिसून राहिली ना पांढरी,” ती म्हणाली, “तिला बी काढ मागं.”

जीप मागं पडली. मग एक एस.टी.सुद्धा पडली, आणि तेव्हा चतुराबाई चक्क हसली. वसमत येऊन गेलं तरी बाईला मळमळ म्हणून नाही. उलट पुढं गतिरोधक आला की तीच आधी सांगायची.

बुद्धभूषणच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. गाडीचं काही नव्हतंच! मायला आजवर कुणी पुढं बसवलंच नव्हतं. बापानं बसवलं नाही, जीपवाल्यानं नाही, आणि आपण, चार बुकं शिकलेल्या शहाण्यानं, दोन-दोन गाड्या दारात आणल्या तरी तिला मागंच कोंबलं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. आणि लाजेच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, त्यानं तर घामच फुटला : म्हणजे त्या डॉक्टरच्या व्हॅनमध्ये पुढं बसली असती तरी चाललं असतं की! पेट्रोल हुंगणाऱ्या, स्वस्तातल्या व्हॅनमध्ये! हे बापाला कळलं तर? गडी दातावर दात ठेवून गाडी चालवत राहिला.

हट्ट्याला सपनाच्या दारात गाडी थांबली. दार उघडल्याचा आणि कुणीतरी जोरात ओकल्याचा आवाज एकदमच आला. आधीच निरोप मिळालेली सपना हातात तांब्या आणि लिंबू घेऊन ‘माय गं’ करत धावली, आणि बघते तर कडुलिंबाच्या झाडाला धरून तिचा बाप वाकलेला! उभी हयात एस.टी.त ताठ उभं राहून तिकिटं फाडलेला माणूस, नानीबाई त्याची पाठ चोळून राहिलेली.

“आन् माय कुठंय?” सपनानं घाबरून विचारलं.

“मी हिथं हाय,” पुढून आवाज आला. “गाठ सुटंना गेली.”

सपनानं गाडीत वाकून दातांनी गाठ सोडवली, आणि सोडवता सोडवताच मायच्या मांडीवर डोकं ठेवून लहान लेकरासारखी रडली. चतुराबाईही रडली. बाहेर उभ्या गोपीचंदनं उगाच टायरला लाथ मारून पाहिली, त्याचेही डोळे भरले होते. मग सपना मायचा हात धरून गल्लीत निघाली. एक घर सोडलं नाही. प्रत्येक दारात उभी राहून सांगायची, “ही माझी माय. शिरडहून आली.” चतुराबाईचे गुडघे दुखत होते, पण तिनं शेवटच्या घरापर्यंत बस म्हटलं नाही.

परतायची वेळ झाली तेव्हा सटवाजी अंगणात उशीला टेकून बसला होता. दोन लिंबं संपली होती. चेहरा कण्हेरीच्या पानासारखा हिरवट, पण बुद्धी कंडक्टरचीच. बुद्धभूषणला जवळ बोलावून म्हणाला, “मी विचार केला. तुजी माय पुढं बसली म्हणून निभावलं. गाडीचा काही गुण न्हाई त्याच्यात. तर ही पेट्रोलपिती नको. डॉक्टरची ती व्हॅन स्वस्तात पडंल, हिला पुढं बसवू. काय?”

बुद्धभूषणच्या तोंडचं पाणीच पळालं. बाप खरं बोलत होता, आणि खरं बोलणाऱ्यापुढं काय बोलायचं हे त्याच्या मासिकांत कुठं छापलेलं नव्हतं. त्यानं खाली मान घातली. “व्हय बाबा,” एवढंच तो म्हणाला.

“व्हय काय?” चतुराबाई सपनाच्या घरातून बाहेर आली, ती सरळ गाडीकडं. पुढचं दार उघडून बसली, नवार आवळली आणि गाठ मारली. “ती व्हॅन एस.टी.च्या पुढं निघंल का?”

सटवाजी उशी सावरत बसला.

“मग हीच घ्यायची. उभा जन्म मी समद्यांच्या मागं बसून ओकले, कुणी विचारलं न्हाई. आता तुमी बसा मागं.” आणि कमरेला खोचलेली प्लास्टिकची पिशवी काढून तिनं नवऱ्यापुढं धरली. “ही घ्या. माझ्या सवयीची हाय, गळत न्हाई.”

सटवाजीनं पिशवी घेतली आणि मुकाट्यानं मागचं दार उघडलं.