टाकीतली समुद्रफुलं

उन्मेष सर प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख झाले, तेव्हापासून त्याच विभागात शिकवणाऱ्या लीलाने नवल करणं सोडलं होतं. ज्या माणसाला भर वर्गात स्पंज ही वनस्पती वाटली, त्याला वर्गापासून लांब ठेवायला कॉलेजात दुसरी जागा तरी कुठे होती?

आज तपासणी समिती येणार होती. सागरी प्राण्यांची खोली राहणार की तिथे संगणक मांडणार, हे तीच ठरवणार होती. लीलाची सारी भिस्त मांडवीच्या खडकांवरून ओहोटीला आणलेल्या समुद्रफुलांवर. दिसायला फुलं, पण प्राणीच; त्यांना ना कणा, ना मेंदू. खायला आणि घाण टाकायला तोंड एकच. तरी भक्ष्य तोंडाभोवतीच्या शुंडकांना लागलं की दंशपेशी चुकत नाहीत.

सकाळी ती आली, तर टाकीत गुलाबी, निळी, पोपटी फुलं डोलत होती.

"भिकाजी, माझी कुठायत?"

शिपायाने कोपऱ्यातली बादली दाखवली. "सरांनी काढायला लावलानी. मेलीत म्हणाले."

"मेली नाहीत. हात लागला की अंग आवळून घेतात."

"अहो मॅडम," मागून उन्मेष सर आले, "कुणी शिंकरून टाकल्यासारखे ते गोळे समितीला दाखवायचे? ही प्लास्टिकची बघा. धुता येतात!"

"वर्गीकरणाचा नवाच निकष, सर."

सरांना ते कौतुक वाटलं. तेवढ्यात समिती दारात आली.

"वा! काय तजेला आहे!" समितीचे अध्यक्ष टाकीवर वाकले. तेही प्राणिशास्त्राचेच प्राध्यापक. "खातात काय?"

"मॅडम, दाखवा ना," उन्मेष सर म्हणाले.

आता तरी अध्यक्षांना कळेल, असं वाटून लीलाने चिमट्याने कोळंबीचा तुकडा गुलाबी फुलावर ठेवला. तो घसरून वाळूत पडला. तिने पुन्हा ठेवला, अगदी मधोमध. फूल ढिम्म.

अध्यक्षांनी मान डोलावली. "पोट भरलेलं दिसतंय."

"अगदी बरोबर, सर!"

लीलाने तोंड उघडलं. 'प्लास्टिक आहे' एवढंच म्हणायचं होतं. पण प्राणी आणि खेळणं यांतला फरक ज्यांना कळत नाही, त्यांच्यापुढे खरं बोलून खोली घालवायची? तेवढी या मंडळींची लायकी नव्हती.

"सकाळीच खाल्लंय त्यांनी," ती म्हणाली.

"खोली राहू दे. जिवंतपणा आहे इथे," अध्यक्षांनी निकाल दिला, टाकीजवळ उभं राहून फोटो काढून घेतला आणि सगळे सुरमईच्या जेवणाकडे वळले.

लीलाने प्लास्टिक उपसून काढलं, बादलीतले गोळे अलगद टाकीत सोडले. थोड्या वेळाने उन्मेष सर दात कोरत आले आणि दचकले.

"हे काय! फोटोत ती आहेत. पुढच्या खेपेला तीच दिसायला हवीत!"

"दिसतील, सर. ही माणसं येतील त्या दिवशी मांडीन."

"दर वेळी?"

"दर वेळी," लीला म्हणाली, आणि त्यांच्याकडे पाठ करून टाकीपाशी बसली. एका तपकिरी गोळ्याने पहिलं शुंडक बाहेर काढलं होतं.