साडेबेचाळीस किलो

आमच्या आईला तिच्या स्वतःच्या घरी परत जायचं होतं आणि डॉक्टर म्हणाले होते, वजन साडेबेचाळीस किलो भरल्याशिवाय नाही. एवढी साधी गोष्ट. पडली तेव्हा मोडलेलं खुब्याचं हाड जुळलं, काठी सुटली, पण वजन एकेचाळीसवर अडून बसलं. "अंगात ताकद नाही. पुन्हा पडल्या तर एकट्या घरात कोण उचलणार?" डॉक्टरांनी मला असं काही विचारलं, जणू पहिल्या वेळी मीच तिला ढकललं होतं.

तोवर ती माझ्याकडे. माझ्याकडे म्हणजे पुढे पडद्यांचं दुकान आणि मागे एक खोली. दुकान आधी तिचंच, शिवण तिनंच मला शिकवलं. खोलीत पलंग, पलंगावर ती. खाली गादी, गादीवर मी. खोलीला दार आहे, पण आतून कडी नाही. मी एकटीच राहायचे, कडी लावायची कुणापासून? आठ महिने आम्ही दोघी एकमेकींच्या श्वासाच्या अंतरावर होतो. मी कूस बदलली की ती विचारणार, "झोप नाही का गं लागत?" मशीनवर पाय ठेवला की आतून आवाज येणार, "पाठीला उशी घे." मी त्रेपन्न वर्षांची बाई आहे हो! खरं सांगते, ती जावी असं मलाही वाटायचं, अगदी तिच्याइतकंच वाटायचं. मग त्याची लाज वाटायची, आणि लाज वाटली की मी आणखी चिडायचे.

दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी सांगितलं, दिवसाला साठ ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं पाहिजे. आईला दूध पचत नाही. "मग वनस्पतीपासून केलेली पावडर द्या," त्या म्हणाल्या.

"कुठली?"

"चांगली बघून घ्या."

चांगली बघून! मला पडद्याचं कापड चिमटीत धरलं की कळतं, किती धुण्यांत विटणार ते. पण पावडरीच्या डब्याला काय चिमटीत धरणार? केमिस्टबाईंच्या दुकानात त्या डब्यांची अख्खी भिंत होती. सोया, वाटाणा, तपकिरी तांदूळ, भोपळ्याच्या बिया. प्रत्येक डब्यावर हिरवं पान आणि दंड फुगवलेला एक बाप्या. माझ्या एकेचाळीस किलोच्या आईसाठी!

पहिल्यांदा सोया आणली. आईच्या पोटात तीन दिवस ढोल वाजले. मग नुसत्या वाटाण्याची आणली, तर म्हणाली, "ओल्या भिंतीला जीभ लावल्यासारखं लागतंय." परगावचा दादा रोज संध्याकाळी फोन करून ज्ञान द्यायचा. "अगं, गोड वासाची घेऊ नकोस, तिच्यात साखर असते. एका चमच्याला प्रोटीन किती ते बघ. घटकांची यादी लहान हवी." मी म्हटलं, "दादा, तू ये आणि बघ." त्यावर त्याची लाइन कट झाली. दरवेळी व्हायची.

पण मी वाचायला शिकले. चष्मा काढून, चष्मा घालून, डबा नाकाशी धरून तासतासभर उभी राहायचे. आई बाकावर बसून बघत असायची. केमिस्टबाई एकदा कुजबुजल्या, "ताई, एक बघा. या पावडरी मातीतल्या पिकांच्या. कधीकधी त्यांत शिसं उतरतं. तपासणीचा शिक्का असलेलीच घ्या." शिसं! त्या दिवसापासून शिक्का नसलेल्या डब्याला मी हातसुद्धा लावला नाही. शेवटी वाटाणा आणि तांदूळ मिळून केलेली एक सापडली: चमच्याला चोवीस ग्रॅम प्रोटीन, साखर नाही, शिशासाठी तपासलेली. सकाळी एक ग्लास, दुपारी एक ग्लास. आई एक शब्द न बोलता घटाघट प्यायची आणि ग्लास उलटा करून दाखवायची.

आणि काय सांगू, वजन वाढायला लागलं. दवाखान्यात दर दुसऱ्या शुक्रवारी वजन व्हायचं. एकेचाळीस सहाशे. मग बेचाळीस. मी गल्लीभर सांगत सुटले. मागच्या दारी येणारी मांजरसुद्धा त्या दिवसांत गुटगुटीत झाली होती, मी तिलाही म्हटलं, "बघ, आमची आई बाळसं धरतेय."

त्याच सुमाराला एका सभागृहाच्या पडद्यांचं काम आलं. मोठा पडदा सरळ पडावा म्हणून त्याच्या खालच्या दुमडीत शिशाच्या मण्यांची माळ घालतात. माझी माळ ऐनवेळी कमी पडली, चांगली आठ-दहा हात. अंगाचा नुसता तिळपापड झाला. माळवाल्याला फोन लावून मी त्याच्या सात पिढ्यांची हजेरी घेतली. तो बिचारा म्हणत होता, "ताई, मी मोजून दिली होती." आत आई पडल्या पडल्या सगळं ऐकत होती.

शेवटच्या वजनाला चार दिवस राहिले. डॉक्टर खूष होते, आता अर्धा किलोच हवा होता. मला वाटलं, घरी जाताना तिला नवा झगा शिवावा. तिला उभं केलं, टेप घेतली आणि दंडाचं माप घेतलं. साडेनऊ इंच. मापांची वही काढली. ती माझ्याकडे आली तेव्हाचं माप होतं सव्वादहा. पुन्हा घेतलं. साडेनऊ. कंबर घेतली, तीही दीड इंचानं कमी. तीस वर्षं माप घेतेय, टेप कधी चुकली नाही. वजन वाढतंय आणि बाई आटतेय, हे काय गौडबंगाल?

आई म्हणाली, "तुझी टेप ताणली असेल."

म्हटलं, जुन्या झग्यावरून ताडून बघू. दवाखान्यात जायचा तिचा निळा पायघोळ झगा खुंटीवर होता. तो काढायला गेले तर हात झटक्यानं खाली आला. अस्तर उलटं केलं. खालच्या दुमडीत शिशाची माळ, दुहेरी, गोल फिरवून. वर बारीक टीप, हातानं घातलेली, इंचाला दहा टाके. असे टाके आमच्या घरात एकच माणूस घालतं.

"आई, हे काय आहे?"

"शिसं," ती म्हणाली. शांतपणे, जणू मी मिठाचा डबा कुठेय ते विचारलं होतं.

"आणि पावडर? ती ओततेस का कुठे?"

"ओतते कशाला? थेंब ठेवत नाही. पण तुझा तो ग्लास प्यायला की पोट गच्च होतं. मग ताटाकडे बघवतसुद्धा नाही. तू पुढे गिऱ्हाइकांवर डाफरत असतेस, तेवढ्यात मी ताट मांजरीला घालते."

मी कपाळाला हात लावून पलंगावर बसले. म्हणजे मीच. शिक्के बघून, यादी वाचून, चमचे मोजून मीच माझ्या आईची उपासमार केली.

"मग सांगायचं नाही का, बाई?"

"कसं सांगू? तू त्या भिंतीपुढे तासतास उभी राहायचीस, चष्मा वर-खाली करत. माझ्यासाठी कुणी एवढं वाचलं नव्हतं गं कधी. नको म्हणवेना." मग तिनं माझा हात धरला, तिचा हात नुसता हाडांचा. "शुक्रवारी गप्प बस. एवढंच कर. मला माझ्या दाराला आतून कडी लावून बसायचंय. काय खाल्लं, किती खाल्लं, कुणी विचारायला नको. पडले तर पडले."

ते चार दिवस मला खोलीत श्वास पुरेना. बोलले तर ती इथे कोंडलेली. गप्प बसले तर ती जाणार, आणि मी मोकळी. मोकळं व्हायला मला हवंच होतं. म्हणून तर माझ्या गप्प बसण्याचा मलाच भरवसा नव्हता; ते तिच्यासाठी आहे की माझ्यासाठी, काही केल्या कळेना. पण गुरुवारी तिनं माळेचा आणखी एक तुकडा मागितला तेव्हा मीच तो कापून दिला. तिनं टीप घातली, मी सुईत दोरा ओवून दिला. दोघींपैकी कुणी वर बघितलं नाही.

शुक्रवारी दवाखान्यात नर्सनं चपला काढायला लावल्या. झगा कोण काढायला लावतंय? आई काट्यावर चढली. बेचाळीस सहाशे.

"वा आजी!" डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "जा आता खुशाल आपल्या घरी." आईनं डोळे मिटले. आठ महिन्यांत तिचा चेहरा इतका सैल झालेला मी पाहिला नव्हता. मग डॉक्टर माझ्याकडे वळले, हातात पेन. "पावडर कुठली दिलीत हो? दिवसाला किती? बाहेर ते आजोबा बसलेत ना, त्यांचंही वजन वाढत नाहीये. त्यांनाही हीच सुरू करतो."

दार उघडंच होतं. बाकावर एक म्हातारा बसला होता, गळ्यापाशी सदरा ढगळ झालेला. शेजारी त्याची सून, मांडीवर वही उघडून, लिहून घ्यायला तयार. तिचा चष्मा डोक्यावर सरकवलेला होता. मला माहीत होतं, ही बाई त्या भिंतीपुढे जाऊन उभी राहणार. शिक्के बघणार. दिवसाला दोन ग्लास देणार.

मी आईकडे बघितलं. तिनं मान हलवली, इतकीशी. नको.

"पावडरनं नाही वाढलं, डॉक्टर," मी म्हणाले. "झग्यात शिसं शिवलंय. पावडरनं पोट भरतं, आई जेवेनाशी झाली. तिचं वजन चाळीसच असेल."

नर्सनं तिला आत नेलं आणि झगा बदलून पुन्हा काट्यावर उभं केलं. एकोणचाळीस आठशे. डॉक्टर बरंच काही म्हणाले. ग्लास बंद, दिवसातून पाच वेळा थोडं थोडं जेवण, पावडर फार तर चमचाभर आणि तीही जेवणात कालवून. मी सगळं लिहून घेतलं. बाहेर ती सूनही कान देऊन लिहीत होती.

घरी आल्यावर आईनं पलंगावर बसून टीप उसवली, एकेक टाका. माळ गुंडाळून माझ्यापुढे ठेवली. "मोजून घे. आणि त्या माळवाल्याला फोन कर. उगाच शिव्या खाल्ल्या त्यानं." एवढंच. मला वाटत होतं तिनं ओरडावं, रडावं, काहीतरी फेकून मारावं. मी माळवाल्याला फोन करून माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदाच मागितली असेन.

मग कोपऱ्यावरच्या दुकानातून मी एक कडी आणली. लोखंडी, वीतभर. खोलीच्या दाराला आतून बसवली. चारही स्क्रू मीच पिळले, हाताला फोड आला. माझी गादी उचलली आणि पुढे दुकानात, कापड कापायच्या टेबलाखाली नेऊन टाकली. आई बघत होती. विचारलं काहीच नाही, उशीचंसुद्धा नाही.

संध्याकाळी ताट वाढलं, थोडंसंच, डॉक्टरांनी सांगितलं तेवढं. ताट घेऊन आत निघाले तर ती दारापर्यंत आली होती. माझ्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मग एकदा उघडल्याचा, पुन्हा लावल्याचा. चालते की नाही बघत असावी.

मी हातात ताट घेऊन तिथंच उभी राहिले. दारामागून ती म्हणाली, "खाली ठेव. आणि तू जा."

मी ताट खाली ठेवलं. मांजर आलीच होती वास काढत, तिला हुसकलं आणि दाराशी राखण करत बसले.