सोफा बंद करण्याआधी

जुना सोफा उलटा करून घोडीवर चढवायचा, पट्टे ताणायचे, स्प्रिंगा बांधायच्या, कापूस भरायचा आणि सगळ्यात शेवटी तळाला काळं कापड ठोकायचं. पण ते ठोकण्याआधी मिस्तरीच्या घरी एक नियम होता. सोफ्याच्या लाकडावर दोन्ही तळव्यांनी दणदणीत थापा मारायच्या आणि मग कान लावून थांबायचं. थापा मारायच्या मिस्तरीनं, कान लावायचा त्याच्या बायकोनं. जन्मभर हातोडीशी संसार केल्यामुळे मिस्तरीचे कान केव्हाच कामातून गेले होते. तो म्हणायचा, बरंच झालं, हिचं सगळं बोलणं ऐकत बसलो असतो तर एकही सोफा वेळेवर गेला नसता.

हा नियम पडला तो कापशीमुळे. बऱ्याच वर्षांपूर्वी कुणीतरी अडगळीतून काढून पाठवलेला एक सोफा त्यांनी घाईघाईत बंद केला होता, आणि संध्याकाळी तो सोफा रडायला लागला. उसवून बघतात तो आत मुठीएवढं पिल्लू, डोळे चिकटलेले, अंगभर जुना कापूस. आईचा पत्ता नव्हता. बायकोनं चिंधीचा बोळा दुधात बुडवून ते जगवलं. त्याचं झालं भलंमोठं पांढरं मांजर, तीच कापशी. ती दिवसभर कापडाच्या ताग्यांवर बसून दोघांच्या कामावर नजर ठेवायची, म्हणून मिस्तरी तिला मुकादम म्हणायचा. लग्न होऊन लांब गेलेली मुलगी फोनवर आधी कापशीची खुशाली विचारायची, मग आईची.

त्या हिवाळ्यात कापशीच्या तोंडातून लाळ गळायला लागली. दात दुखत असेल म्हणून दोघांनी काही दिवस जाऊ दिले. मग लाळेत रक्त दिसलं आणि गालफड एका बाजूनं सुजून वर आलं. गल्लीच्या टोकाला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. तरुण बाई, हात मोठा हलका. त्यांनी तपासलं, फोटो काढला आणि खुर्ची ओढून समोर बसल्या. गाठ जबड्याच्या हाडात उतरली होती. कापून उपयोग नव्हता. वेदना कमी करायचं औषध देता येईल, पिचकारीनं पातळ खाणं भरवता येईल, पण पुढे तेही घशाखाली उतरणार नाही. तेव्हा एक इंजेक्शन असतं, ती झोपेल आणि झोपेतच जाईल, असं त्यांनी सावकाश सांगितलं. मिस्तरीला ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा सांगावं लागलं, मोठ्यानं.

घरी आल्यावर बायकोनं सांगून टाकलं, "माझ्या हातून हे होणार नाही."

मिस्तरीला ते माहीतच होतं. सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय पाण्याचा थेंब न घेणारी बाई ती. साखरेत मुंग्या झाल्या तर डबा उन्हात ठेवून एकेक मुंगी बाहेर पडेपर्यंत वाट बघायची, आणि तोवर मिस्तरीला चहा नाही. कुठलाही जीव आपल्या हातून जाऊ द्यायचा नाही हा तिचा नेम होता आणि तो तिनं मुंगीपर्यंत पाळला होता. आता रोजच्या प्रार्थनेत तिनं एक मागणं वाढवलं. हिला तू ने, पण माझ्या हातून नको.

दिवस जात राहिले आणि देव काही नेईना. ती कापशीला मांडीवर घेऊन पिचकारीनं थेंब थेंब भरवायची, अर्धं बाहेर यायचं. हनुवटीखालचे केस लाळेनं चिकटून कडक झाले होते, ते कोमट पाण्यानं सोडवायची. घरभर एक गोडसर कुजका वास भरून राहिला होता. नवीन कापडाला तो लागू नये म्हणून मिस्तरीनं तागे पुढच्या खोलीत हलवले. गिऱ्हाइकं दारातूनच बोलून जायला लागली. सुजेनं जबडा असा आवळला की कापशीला तोंड उघडून ओरडताही येईना. श्वास तेवढा घरघरायचा, तोही जवळ गेलं तर. हे सगळं बायकोला माहीत होतं. तिच्याइतकं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

मिस्तरी एकदाच बोलला. पट्टा ताणता ताणता, तिच्याकडे न बघता. "तू तुझा नेम सांभाळतेस आणि भोगतंय ते."

ते तिला लागलं. तिनं डॉक्टरीणबाईंना फोन करून दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ मागून घेतली. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही आणि सकाळी प्रार्थनेत शब्दच सुचेनात.

त्याच सकाळी निवृत्त मास्तरीणबाईंचा सोफा जायचा होता. गाडीवाला दारात येऊन हॉर्न वाजवत होता. सोफा रात्रभर जमिनीवर आडवा होता, तळ उघडा; आता तो घोडीवर उलटा चढवला. मिस्तरीनं थापा मारल्या. बायकोनं लाकडाला कान लावला, नेहमीइतकाच वेळ लावला. आत काही नव्हतं. तिनं मान हलवली, मिस्तरीनं काळं कापड ठोकलं आणि कोपरे तिनं बाकदार सुईनं शिवून घेतले. ते काम तिचंच असायचं. तिचा टाका उसवत नसे.

दुपारी टोपली घेऊन ती कापशीला उचलायला गेली तेव्हा अंथरूण रिकामं होतं.

दोघांनी घर पालथं घातलं. कपाटामागे, ताग्यांमागे, जिन्याखाली, मागच्या बोळात. शेजारणींनी आपापली घरं बघितली. नीट चालताही न येणारं मांजर जाईल कुठे? मिस्तरी म्हणाला, शेवट आला की मांजरं अशीच दूर निघून जातात म्हणे, कुणाला दिसत नाहीत. डॉक्टरीणबाईंना येत नाही म्हणून कळवलं. बायको मोरीत जाऊन तोंड धुवून आली. रडायला यायला हवं होतं, पण छातीवरचा दगड कुणी उचलून ठेवावा तसं तिला मोकळं वाटत होतं. तिचं मागणं ऐकलं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हात जोडून देवाचे आभार मानले, मनापासून.

त्याच दिवशी उन्हं उतरताना मास्तरीणबाई स्वतः आल्या. जन्मभर मुलांना ओरडून झाल्यामुळे आता त्या फार हळू बोलायच्या. तक्रार नाही, म्हणाल्या, काम सुरेखच झालंय. पण सोफ्याला कसलातरी वास येतोय आणि खालच्या फरशीवर ओल आलीय. "आणि तुम्हाला हसू येईल, पण टेकून बसलं की आतून कुणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटतं."

मिस्तरीला नीट ऐकू गेलं नाही. तो बायकोच्या तोंडाकडे बघत राहिला आणि ते बघूनच त्याला कळलं.

मास्तरीणबाईंच्या बैठकीच्या खोलीत दोघांनी सोफा आडवा केला. पात्यानं कापड फाडता आलं असतं, पण आत जवळच काय असेल या भीतीनं तिनं आपलेच टाके एकेक करून कापले. घट्ट होते. कापशी पट्टे आणि कापूस यांच्या खोबणीत अंग घुसवून पडली होती, जशा जागी पहिल्यांदा सापडली होती बहुतेक तशाच जागी. कापूस लाळेनं आणि लघवीनं भिजून काळा पडला होता. पुढच्या पायाची नखं तुटली होती. तळाच्या कापडाला आतून ओरखडे होते.

ती जिवंत होती.

बायकोनं तिला पदरात घेतलं. मिस्तरी कधी नव्हे ते रस्त्यानं पळत गेला आणि डॉक्टरीणबाईंना पिशवीसकट घेऊन आला. त्यांनी एकदा मांजराकडे, एकदा उघड्या सोफ्याकडे पाहिलं आणि पिशवी उघडली. म्हणाल्या, "काकू, तुम्ही हवं तर बाहेर थांबा. काका धरतील."

"नाही," ती म्हणाली. "मीच धरते. माझ्याच हातून झालंय, आता पुरतं होऊ दे."

तिनं धरलं. पायावरचे केस डॉक्टरीणबाईंनी कापले तेव्हा तो पाय तिनं तळहातावर पसरून ठेवला. कापशीनं तिच्याकडे पाहिलं नाही. डोळे उघडे होते, पण ते सोफ्याच्या लाकडी पायाकडे लागलेले होते. सुई आत गेली. घरघर लांबत गेली, अंतर पडत गेलं, आणि मग पुढची आलीच नाही. डॉक्टरीणबाईंनी नळी लावून ऐकलं आणि मान हलवली. आदल्या सकाळी आपणही अशीच मान हलवली होती, हे बायकोला आठवलं.

मास्तरीणबाईंनी एक स्वच्छ चादर आणून दिली. परत नको, म्हणाल्या. मिस्तरीनं चादरीची घडी कापशीभोवती घातली, कोपरे आत दुमडले. कामाचा हात होता, घडी नीट बसली.

सोफा तसाच उघडा पडला होता. राहू द्या हो, नंतर बघू, असं मास्तरीणबाई दोनदा म्हणाल्या, पण बायकोनं ऐकलं नाही. तिनं भिजलेला कापूस मुठीमुठीनं काढला, लाकूड पुसलं, घरून नवा कापूस आणून भरला. काळं कापडही दुसरं आणलं. मिस्तरीनं हातोडी उचलली आणि सवयीनं आधी खाली ठेवली. दोन्ही तळव्यांनी थापा मारल्या.

बायकोनं लाकडाला कान लावला.

आतमध्ये काही नव्हतं. ते तिला पक्कं माहीत होतं. चादरीची घडी तिथेच, दाराजवळ होती. तरी ती कान काढेना. मिस्तरी खिळा बोटांत धरून उभा राहिला. खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरून गेलं, मास्तरीणबाईंनी दिवा लावला, आणि तरीही तिनं मान हलवली नाही. शेवटी मिस्तरी तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला आणि आपला निकामी कान लाकडाला लावून तोही ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रार्थनेला बसली. हात जोडले. मागायचं काही उरलं नव्हतं आणि आभार तर आधीच मानून झाले होते. प्रार्थना काही झाली नाही. मग उठली आणि पाणी न पिताच कामाला लागली.