हरवलेलं शिवणयंत्र

आपल्या खोलीत बसलेल्या ठाणेदार बाईंना बाहेरून वडिलांचा आवाज ऐकू आला आणि त्यांनी हातातली फाइल मिटली. वडील शिंपी. बाही आखूड झाली म्हणून गिऱ्हाइकाने आकाशपाताळ एक केलं तरी त्यांचा आवाज चढत नसे. आज चढला होता.

"शिवणयंत्र हरवलं असं कसं लिहून देऊ?" ते बाहेर हवालदारांना विचारत होते. "ते काय रुमाल आहे का, चालता चालता खिशातून पडायला? दुकानाची कडी उचकटलीय. चला, दाखवतो."

"काका, समजून घ्या ना. हरवलं लिहिलं तरी आम्ही शोधणारच."

"हरवलेलं माझं मी शोधेन. चोरलेलं तुम्ही शोधायचं!"

हवालदारांचाही इलाज नव्हता. वरचे नवे साहेब आल्यापासून प्रत्येक ठाण्याला उद्दिष्ट होतं : पाच चोऱ्या नोंदल्या तर चार उघडकीस आल्याच पाहिजेत. महिन्याच्या बैठकीत ठाणी पडद्यावर झळकत, पास झालेली हिरवी, नापास झालेली लाल. साहेबांना पाठीमागे सगळे टक्केसाहेब म्हणत. चोर पकडणं जिकिरीचं काम, त्यापेक्षा चोऱ्या कमी लिहिणं सोपं. 'शंका असेल तर हरवलं लिहा,' असं बाईच एकदा म्हणाल्या होत्या आणि तेव्हापासून ठाण्याला प्रत्येक बाबतीत शंका येऊ लागली होती.

बाई बाहेर आल्या. वडील उसळून म्हणाले, "तूच सांग गं यांना!" मग भोवतालच्या माना वळलेल्या पाहून सावरले. "म्हणजे, तुम्ही सांगा, बाई."

"बाबा, आत या आधी."

आत आल्यावर ते बसलेसुद्धा नाहीत. "इस्त्रीवालीची इस्त्री हरवली म्हणे. चपला शिवणाऱ्याचं यंत्र हरवलं. पिठाच्या गिरणीची मोटर हरवली. आमच्या रस्त्याला काय विसरभोळेपणाची साथ आलीय?"

"तुम्ही घरी जा. मी बघते."

"बघतेस, की लिहितेस?"

बाईंना वडिलांचा राग आला, हवालदारांचा आला, साहेबांचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. आज इथे सख्खा बाप उभा होता म्हणून आपल्याला लाज वाटतेय. इस्त्रीवाली उभी होती तेव्हा कुठे गेली होती ही लाज?

दुपारी बाई हवालदारांना घेऊन त्या रस्त्यावर गेल्या. चारही दुकानांच्या कड्या एकाच तऱ्हेने, पहारीने उचकटलेल्या. इस्त्रीवाली म्हणाली, "बाई, मी तेव्हाच सांगितलं होतं." हवालदार आपल्या बुटांकडे बघत राहिले. परत येऊन बाईंनी चारही तक्रारी चोरी म्हणून नोंदवल्या.

"आपण लाल होणार, बाई," हवालदार म्हणाले.

"होऊ द्या."

बैठकीत साहेबांनी पडद्यावरच्या लाल पट्टीवर काठी आपटली. "तुमच्या हद्दीत एकदम एवढ्या चोऱ्या वाढल्या कशा?"

"वाढल्या नाहीत, साहेब. या वेळी लिहिल्या."

"म्हणजे आधी लिहीत नव्हता?"

"नव्हतो."

खोलीत सगळे आपापले कागद चाळू लागले. सगळ्यांचे तक्ते हिरवेगार होते.

"मी कधी सांगितलं, लिहू नका म्हणून?" साहेब कडाडले.

"नाही साहेब. तुम्ही फक्त आकडा सांगितलात."

पुढे बराच वेळ बाई उभ्याच होत्या. कामचुकार, बेजबाबदार, ठाण्याला बट्टा, सगळं ऐकून झालं.

पण चार चोऱ्या एकत्र मांडल्यावर एक गोष्ट उघड दिसत होती : चारही चोऱ्या त्या रस्त्यावरच्या दुकानांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी झाल्या होत्या. पुढच्या सुट्टीला साध्या कपड्यातली माणसं गिरणीत दबा धरून बसली. भर दुपारी एक टेम्पो आला, दोघं पहार घेऊन उतरले आणि रंगेहाथ सापडले. जुनी यंत्रं विकणाऱ्या एकाच्या गोदामात सगळा माल मिळाला. वडिलांनी एका शिवणयंत्राचं चाक हाताने फिरवलं, कान लावला आणि म्हणाले, "माझंच."

ते लगेच घरी न्यायला निघाले. आता तो पुरावा आहे, कोर्टाने सोडल्याशिवाय हलवता येत नाही, असं बाईंनी सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. कोर्टालाही जुने खटले आधी निकाली काढायचं उद्दिष्ट होतं. नव्या अर्जाला तारखांवर तारखा पडत गेल्या. लग्नसराईची शिलाई दुसऱ्याकडे गेली.

"चोराकडे होतं तेव्हा निदान चालत तरी असेल," वडील एकदा जेवताना म्हणाले. शेवटी वकिलाने खेटे घालून ते जामिनावर सोडवलं. माणसासारखंच.

चोर सापडले त्या महिन्याच्या बैठकीत बाईंचं ठाणं सगळ्यांच्या वर होतं, हिरवंगार. साहेब खुशीत होते. "बघा! मनावर घेतलं की होतं! आता पुढच्या महिन्यापासून दहात नऊ. शिवाय चोऱ्या निम्म्यावर यायला हव्यात."

"घडायच्या निम्म्यावर, साहेब, की लिहायच्या?" बाईंनी विचारलं.

कुणीतरी खोकलं. "शब्दांत पकडू नका, बाई," साहेब म्हणाले आणि पुढच्या ठाण्याकडे वळले.

बैठक संपल्यावर पायऱ्या उतरताना शेजारच्या हद्दीचे ठाणेदार मागून आले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "माझ्याकडे पाण्याचे पंप हरवतायत. पुष्कळ. ते गोदाम नक्की कुठंय म्हणालात?"

बाई थांबल्या. "आधी चोरी लिहा. मग सांगते."

ठाणेदारांनी फोन काढला आणि आपल्या ठाण्याचा नंबर लावला.